बिघडलेलं लवकर कळावं म्हणून: माणसं सांभाळणाऱ्यांनी स्वतःला कसं सांभाळावं

वेर्ण्याच्या कारखान्यातला शिफ्ट इन्चार्ज, कळंगुटच्या हॉटेलातली हाउसकीपिंग सुपरवायझर, सत्तरी तालुक्यातल्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका, स्वयंसाहाय्य गटाची अध्यक्ष, देवस्थान समितीचा सचिव, नाट्यमंडळाचा दिग्दर्शक. गोव्यात नेतृत्व करतात ती बहुतेक हीच माणसं. हाताखाली पाच ते पन्नास जण, वर साहेब किंवा समिती, आणि मध्ये आपण. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

अशा माणसाचं काम कसं चाललंय हे ओळखायची माझी एकच कसोटी आहे: बिघडलेली गोष्ट त्याला किती लवकर कळते? मशीन अडलं, पाहुण्याची तक्रार आली, वर्गातलं एक मूल आठवडाभर आलं नाही, गटाच्या हिशेबात दोन हजार कमी भरले. बातमी दहा मिनिटांत पोचली तर मार्ग निघतो. तीन दिवसांनी पोचली तर निस्तरत बसावं लागतं. आणि ती लवकर पोचणं हे प्रमुखाच्या हुशारीपेक्षा त्याच्या तब्येतीवर आणि मनाच्या घडणीवर जास्त अवलंबून असतं. हाताखालचे लोक आपला चेहरा वाचतात. रात्री झोप झालेली नाही, सकाळपासून पोटात काही नाही, घरून भांडून आलाय, हे आपण खुर्चीवर बसण्याआधीच त्यांना समजलेलं असतं. मग ते आपसांत ठरवतात: आज सांगायचं, की उद्या बघू.

म्हणून झोप, जेवण, राग, थकवा या खाजगी बाबी आहेत असं समजून त्यांना उरलेला वेळ देऊ नका. त्या ड्यूटीचाच भाग आहेत. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा, आणि एकीची सवय लागल्याशिवाय दुसरीला हात घालू नका.

पायरी १: आधी दोन आठवडे फक्त लिहा

एक साधी वही घ्या आणि पानावर चार रकाने पाडा. रात्री किती तास झोपलो. दुपारी किती वाजता जेवलो. आवाज कधी आणि कोणावर चढला. आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा: आज जे काही बिघडलं ते केव्हा बिघडलं, आणि मला केव्हा, कोणाकडून कळलं.

या दोन आठवड्यांत काहीही सुधारायला जाऊ नका. फक्त नोंद करा, तीही रात्री अंथरुणावर पडून नव्हे, काम सुटतानाच, पाच मिनिटांत. रोज भरणं जमलं नाही तर सोमवार, बुधवार, शुक्रवार भरा. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण माझा अनुभव असा की मोबाइल उघडला की माणूस ग्रुपवरचे मेसेज वाचत बसतो.

दोन आठवड्यांनी रकाने एकमेकांशेजारी ठेवून वाचा. बहुतेकांच्या वहीत एक-दोन ठरावीक वेळा निघतात. कोणाचा आवाज दुपारी एक ते दोनच्या मध्ये चढतो, जेवण लांबलेलं असताना. कोणाचा सोमवारी सकाळी, कारण रविवारची रात्र जत्रेत गेलेली असते. कोणाला ठरावीक एकाच माणसाकडून बातम्या उशिरा कळतात. तुमची वेळ कोणती, हे कळल्याशिवाय पुढचे उपाय अंधारातच होतील.

पायरी २: झोपेला ड्यूटी चार्टमध्ये जागा द्या

प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि जवळजवळ कोणी पाळत नाही, म्हणून एक वेगळा आकडा सांगतो. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड या संशोधकांनी दाखवून दिलं, की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याने चालणारी मर्यादा याहून कमी आहे: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. आता हिशेब करा. फोंड्याहून वेर्ण्याला पहिल्या शिफ्टला जाणारा माणूस पहाटे साडेचारला उठतो. संध्याकाळी देवळात मीटिंग, त्यानंतर नाटकाची तालीम. रात्री साडेनऊला त्याचे १७ तास भरले. त्यानंतर तालमीत तो जे बोलेल, समितीच्या ग्रुपवर जे लिहील आणि बोरीच्या पुलावरून बाइक चालवत येताना ज्या नजरेने रस्ता बघेल, ते सगळं या अवस्थेत.

झोप वाढवा असा उपदेश करून ती वाढत नाही. त्यामुळे दोन बाजूंनी काम करा.

पहिली बाजू, झोपेची वेळ नव्हे, उठण्याची वेळ पक्की करा, आणि रात्रीची जी गोष्ट सर्वांत सहज सुटेल ती आधी सोडा. बहुतेकांच्या बाबतीत ती मोबाइल असते. दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद; कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, त्यामुळे सहाच्या चहाचा अर्धा असर अकरा वाजता अंगात असतो. झोप यावी म्हणून दोन पेग घ्यायची सवय गोव्यात फार सहज लागते. डोळा लवकर लागतो हे खरं, पण मद्यामुळे उत्तररात्रीची झोप तुटक होते आणि सकाळी माणूस चिडचिडा उठतो. हॉटेलात ब्रेक शिफ्ट करणाऱ्यांना सलग सात तास मिळत नाहीत. त्यांनी दुपारची सुट्टी बाजारहाटात घालवू नये, त्यातली वीस मिनिटं तरी आडवं व्हावं. दुपारी दुकानाची फळी लावून वामकुक्षी घेणाऱ्या म्हापशाच्या व्यापाऱ्यांना बाहेरचे लोक आळशी म्हणतात. संध्याकाळी आठ वाजता त्यांच्या डोक्याला जी शांतता असते ती कुठून येते, हे त्यांनी बघितलेलं नसतं.

दुसरी बाजू, झोप झाली नसेल त्या दिवसासाठी नियम ठरवून ठेवा. पाच तासांपेक्षा कमी झोपलो असलो तर तीन गोष्टी करायच्या नाहीत: कोणाला मेमो द्यायचा नाही किंवा काढून टाकायचं नाही, मोठ्या रकमेवर सही करायची नाही, आणि रागाच्या मेसेजला उत्तर द्यायचं नाही. ही कामं दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत थांबवा. काही थांबण्यासारखं नसेलच, तर दुसऱ्या एका जबाबदार माणसाला विचारून करा आणि त्याला आधी सांगा, "आज माझी झोप झालेली नाही, माझं काही चुकत असेल तर थांबव." हे सांगितल्याने मान जात नाही. आपल्यालाही थांबवता येतं, हे उलट लोकांना समजतं.

पायरी ३: पोट आणि ऊन

ही पायरी लहान आहे. सकाळी पाव-पातळभाजी खाऊन निघालात तर दुपारपर्यंत ठीक. नुसत्या चहावर निघालात तर अकराच्या सुमारास स्वर चढणार. जेवणाची वेळ लोकांना जाहीर सांगा आणि स्वतः पाळा. प्रमुख जेवायला उठत नाही तोवर हाताखालचेही उठत नाहीत, हे लक्षात ठेवा. एप्रिल-मे महिन्यात दमटपणा इतका असतो, की शेडमध्ये उभं राहणाऱ्याला तहान लागायच्या आधीच डोकं जड होतं. पाण्याची बाटली टेबलावर ठेवा, कपाटात नको. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भराभर चालणं झालं की जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली १५० मिनिटं भरतात. मिरामारला जायची गरज नाही, वाड्यावरचा रस्ता चालतो.

पायरी ४: वाईट बातमी ऐकायची कशी

इथे जरा थांबून वाचा, कारण बाकीचं सगळं यासाठीच आहे.

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या पॅकिंग लाइनवरचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. सकाळी साडेनऊला ऑपरेटरच्या लक्षात येतं, की प्रिंटर खोक्यांवर मागच्या महिन्याची तारीख छापतोय. तो मान वर करून काचेपलीकडे सुपरवायझरकडे बघतो. सुपरवायझर फोनवर आहे, एका हाताने कपाळ चोळतोय. कालच त्याने सगळ्यांसमोर एकाला झापलं होतं: "तुझं लक्ष कुठे होतं?" ऑपरेटर तारीख गुपचूप दुरुस्त करतो, लाइन चालू ठेवतो. छापून गेलेली खोकी पॅलेटवर, पॅलेट गोडाउनमध्ये. साडेबाराला गोडाउनमधला मुलगा सांगतो तेव्हा माल गाडीत चढलेला असतो. तीन तास गेले, आणि ते प्रिंटरमुळे गेले नाहीत. "लक्ष कुठे होतं" या आदल्या दिवशीच्या तीन शब्दांनी ते खाल्ले.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात इस्पितळांमधल्या पथकांचा अभ्यास केला. चांगल्या पथकांत औषधं देण्यातल्या चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले: ज्या पथकांची प्रमुख परिचारिका चांगली मानली जात होती, तिथेच चुकांची नोंद जास्त. तिथे चुका जास्त होत होत्या असं नव्हे. तिथे लोक त्या बोलून दाखवत होते. आपल्या खात्यातून तक्रारी, चुका, अडचणी काहीच येत नसतील, तर त्यावर खूश होण्याआधी हे आठवा.

आता कृती. बातमी ऐकल्यानंतरचे पहिले दोन उद्गार ठरवून पाठ करून ठेवा. आयत्या वेळी शहाणपण सुचत नाही, म्हणून पाठ. पहिला: "बरं झालं लगेच सांगितलंस." दुसरा: "आता आधी काय थांबवायला हवं?" शाळेत असाल तर "बाई, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत". देवस्थानात वयाने मोठ्या महाजनाने चूक सांगितली तर "काका, तुम्ही वेळेवर सांगितलंत". शब्द आपापले घ्या, पण क्रम तोच राहू द्या: आधी सांगणाऱ्याची दखल, मग काम. का झालं आणि कोणामुळे झालं, हे त्या दिवशी विचारू नका. ते दुसऱ्या दिवशी, बसून, शक्यतो दार लावून. जाब विचारायचा नाही असं मी म्हणत नाही. निष्काळजीपणा पुन्हा पुन्हा होत असेल तर कडक व्हायलाच हवं. फक्त बातमी आणणाऱ्याच्या तोंडावर, बातमी आणली त्याच क्षणी ते नको.

यात मनाचा भाग असा. वाईट बातमी ऐकली की आत एक आवाज येतो: आता साहेब मला काय म्हणतील? तोपर्यंत प्रश्न प्रिंटरचा असतो. या आवाजाने तो आपल्या किमतीचा होतो. मग आपण प्रिंटर सोडून स्वतःचा बचाव करायला लागतो, आणि ओरडणं हा त्या बचावाचाच प्रकार आहे. हा आवाज बंद करता येत नाही, ओळखता येतो. मनातल्या मनात त्याला नाव द्या: "मी घाबरलोय", "मला लाज वाटतेय". भावनेला शब्दांत नाव दिलं की तिची धार कमी होते, हे प्रयोगांतही दिसलं आहे. एक श्वास सावकाश बाहेर सोडा आणि मग पाठ केलेलं वाक्य बोला. हे सगळं चार-पाच सेकंदांचं काम आहे.

मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी मांडलेली कल्पना, क्षमता जन्मजात ठरलेली नसून वाढवता येते असं मानणारी मनोवृत्ती, इथेच उपयोगी पडते. तिच्याविषयी हल्ली फार मोठे दावे होतात. शाळांमधल्या मोठ्या चाचण्यांत तिचा परिणाम बेताचाच दिसला आहे, त्यामुळे भिंतीवर सुविचार लावून काही होणार नाही. पण "हा मुलगा तसलाच आहे" असं आपण मनात ठरवून टाकलं, की त्याच्याकडून येणारी प्रत्येक बातमी आपल्याला त्याच्या तसलेपणाचा पुरावा वाटते. वहीत ज्याच्या नावापुढे उशीर सर्वाधिक आहे त्याला एक छोटी, स्पष्ट जबाबदारी द्या, ती कशी करायची ते एकदा सोबत राहून दाखवा, आणि महिनाभर बघा.

पायरी ५: जर-तरची तीन वाक्यं

मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातून आलेली ही युक्ती सोपी आहे. "मी शांत राहीन" हा संकल्प टिकत नाही. "अमुक घडलं, तर मी तमुक करीन" असं प्रसंगाला बांधलेलं वाक्य जास्त टिकतं. आपल्या वहीतल्या वेळा बघून तीनच वाक्यं लिहा. नमुना म्हणून:

"सर, एक प्रॉब्लेम झालाय" असा फोन आला, तर मी आधी विचारीन, कोणाला लागलं तर नाही ना?
रात्री दहानंतर ग्रुपवर कोणी डिवचलं, तर मी उत्तर वहीत लिहीन आणि सकाळी वाचून मग पाठवीन.
तालमीत कलाकार तिसऱ्यांदा तेच वाक्य विसरला, तर मी दहा मिनिटांचा चहा जाहीर करीन.

तीनच. दहा लिहिलीत तर एकही आठवणार नाही.

पायरी ६: आपली पदं मोजा

गोव्यात माणूस एका जागी प्रमुख नसतो. दिवसा कारखान्यात सुपरवायझर, संध्याकाळी देवस्थान समितीचा सचिव, रविवारी ग्रामसभेत बोलणारा, शिगम्याला रोमटामेळाचा पुढारी, कला अकादमीची नाट्यस्पर्धा जवळ आली की दिग्दर्शक, शिवाय पतसंस्थेवर संचालक. यातलं प्रत्येक काम प्रेमाने पत्करलेलं असतं आणि गाव त्यावरच उभं आहे. पण प्रत्येकाच्या मीटिंगा रात्रीच होतात, आणि सगळ्यांचा भार एकाच झोपेवर पडतो.

एका कागदावर सगळी पदं लिहा. समोर लिहा: महिन्याला किती रात्री जातात, आणि मी नसलो तर ते काम खरंच अडेल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्वतः देऊ नका, त्या मंडळातल्या तरुण सभासदाला विचारा. मग एकच पद निवडा आणि मुदत संपेल तेव्हा ते सोडायचं ठरवा. मध्येच सोडलं तर रुसवा धरला जातो. मुदतीला सोडलं आणि आपल्या जागी येणारा माणूस आधी सहा महिने सोबत घेऊन तयार केला, तर कोणी बोट ठेवत नाही.

नवीन पद देऊ केलं जातं तेव्हा नाही म्हणणं आपल्याकडे कठीण, कारण विचारणारा मामा असतो किंवा शाळेतले जुने गुरुजी. जागच्या जागी हो किंवा नाही, काहीच म्हणू नका. "घरी विचारून परवा सांगतो" म्हणा, आणि परवा खरंच सांगा. नाही म्हणायचं असेल तर एक छोटं काम मोकळेपणाने घ्या: "सचिव व्हायला जमणार नाही मामा, पण जत्रेच्या दिवशी पार्किंगचं मी बघतो." मान राहतो आणि रात्रीही वाचतात.

पायरी ७: चवथीची परीक्षा

चवथीला गोवा घरी असतो. आपण गणपतीसमोर बसलेले असताना फोन किती वेळा वाजतो, हे मोजा. प्रत्येक फोन एका अशा गोष्टीचा आहे, जी आपण कोणाला शिकवलेली नाही किंवा ठरवायचा अधिकार दिलेला नाही. सण संपल्यावर त्या फोनांची यादी करा आणि दर पंधरवड्याला एक गोष्ट दुसऱ्याच्या हातात द्या. चावी कुठे असते, इतक्या रुपयांपर्यंत खर्च न विचारता करायचा, ही तक्रार आली तर पाहुण्याला काय द्यायचं. लिहून द्या, तोंडी नको. आणि त्याने आपल्यापेक्षा वेगळं ठरवलं, पण नुकसान झालं नाही, तर एक शब्द बोलू नका.

पायरी ८: थकवा कोणता, ते ओळखा

सुट्टी घेतल्यावर जातो तो थकवा साधा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या बर्नआउटच्या तीन खुणा सांगितल्या: शक्ती पार संपल्यासारखी वाटणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. दुसरी खूण प्रमुखाने विशेष तपासावी. "काय करायचंय, चाललंय ते चालू दे" हे वाक्य तोंडात रुळलं असेल तर हाताखालच्यांनी बातम्या आणणं बहुधा आधीच थांबवलं आहे.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर हे नैराश्य असू शकतं. इथे वहीवर भागत नाही. याबाबत गोव्याने जगाला काही दिलं आहे. १९९६ पासून गोव्यात काम करणाऱ्या ‘संगथ’ संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून नैराश्यावर थोडक्या बैठकांचा उपचार करून बघितला. त्याचे चांगले निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्या उपचाराचा गाभा असा: मन लागेल तेव्हा करू म्हणून थांबायचं नाही, आवडीची किंवा अर्थाची लहान गोष्ट आधी करायची, मन हळूहळू मागून येतं. परसातली झाडं, भजनाची बैठक, मित्राकडे चक्कर. वेळ ठरवून, आठवड्याच्या कागदावर लिहून.

मदत घ्यायची तर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेचा बाह्यरुग्ण विभाग आहे, आणि ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर आजच फोन करा आणि घरातल्या एका माणसाला सांगा. डॉक्टरांकडे जाताना पायरी १ ची वही सोबत न्या. झोप केव्हापासून बिघडली, हे तारखेनिशी सांगता येतं.

जिथे दोष तुमच्याकडे नाही

काही जागी वरचं सगळं करूनही फरक पडत नाही, कारण तिघांचं काम एकाकडे आहे, पगार दोन महिने थकलाय, किंवा सीझनभर आठवड्याची सुट्टीच मिळालेली नाही. अशा ठिकाणी प्राणायामाचं शिबिर भरवणाऱ्या व्यवस्थापनाला माझं सरळ सांगणं आहे, की आधी माणसं भरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनाही कामाच्या रचनेत बदल करायला आणि व्यवस्थापकांना प्रशिक्षण द्यायला सांगतात. सगळा भार व्यक्तीच्या मनोबलावर टाकत नाहीत.

मागणी करताना "फार लोड आहे" असं मोघम बोलू नका, ते कोणी ऐकत नाही. चार आठवड्यांची वही पुढे ठेवा: या या तारखांना एकच माणूस दोन मजले सांभाळत होता, त्या दिवसांत इतक्या तक्रारी उशिरा कळल्या, त्यातल्या इतक्यांचे पैसे परत द्यावे लागले. मागणी एकच करा आणि तीही मोजता येणारी, उदाहरणार्थ नोव्हेंबर ते फेब्रुवारी संध्याकाळच्या शिफ्टला एक जास्तीचा माणूस. लेखी द्या, पोच घ्या, आणि उत्तर कोणत्या तारखेला मिळेल ते तिथेच विचारून घ्या.